एकच नाव, देवाचे आणि माणसाचेही: ग्रीक-रोमन साधनांतील हर्मीस नेमका कोणता?

सांजवारा

गेले काही आठवडे मी बायबलचा नवा करार इतिहासाच्या आवडीपोटी सलग वाचत आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या १४व्या अध्यायात लुस्त्र गावचे लोक ख्रिस्ती प्रचारक बर्णबाला ग्रीकांचा मुख्य देव झ्यूस आणि त्याचा सोबती पौलाला हर्मीस समजतात आणि त्यांच्यापुढे बैलांचा बळी द्यायला निघतात. पौलाला हर्मीस ठरवण्याचे कारण एवढेच की बोलण्याचे काम मुख्यतः तो करत होता आणि हर्मीस हा देवांचा निरोप्या होता. दोघेही अंगावरचे कपडे फाडतात आणि आम्ही तुमच्यासारखीच माणसे आहोत असे ओरडून सांगतात. इथपर्यंत सारे समजले.

पुढे याच पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या १६व्या अध्यायाशी आलो. ज्यांना सलाम सांगायचा त्यांच्या यादीत हर्मीस नावाचा एक माणूस आहे! त्याच ओळीत हर्मास आहे, पुढच्या ओळीत नीरियस आहे आणि अध्यायाच्या आरंभी फीबी नावाच्या बाईची शिफारस आहे. नीरियस म्हणजे सागराचा म्हातारा देव, तर फीबी ही टायटन कुळातील देवी आणि आर्टेमिसचे एक विशेषणही. देव म्हटल्यावर कपडे फाडणाऱ्या पौलाला मंडळीत बसलेल्या या हर्मीसचे काहीच वाटले नाही का?

आपल्याला हा प्रश्न पडत नाही, कारण माझ्या आजोबांचे नाव विठ्ठल होते आणि उधारी थकली की वाणी त्यांना त्याच नावाने चारचौघांत हटकत असे, त्यात देवाचा अपमान झाला असे कोणालाही वाटले नाही. ग्रीकांकडेही असेच होते का, असल्यास केव्हापासून, आणि जुन्या लेखांत नुसते ‘हर्मीस’ असे दिसले तर तो देव की माणूस हे अभ्यासक कसे ठरवतात, याविषयी जाणकारांनी लिहावे ही विनंती.

शिलालेखवेडा

चांगला विषय काढलात. आपल्याकडे असते तसे ग्रीकांकडे नव्हते, निदान ख्रिस्तपूर्व पाचव्या-चौथ्या शतकात तरी नव्हते, आणि सगळे कोडे या फरकात आहे.

ग्रीक लोकांची नावे देवांनी गच्च भरलेली होती. हेरोडोटस म्हणजे हेराने दिलेला, डायोजेनीस म्हणजे झ्यूसपासून जन्मलेला, आर्टेमिडोरस म्हणजे आर्टेमिसची देणगी, केफिसोडोटस म्हणजे अथेन्सजवळून वाहणाऱ्या केफिसस नदीने दिलेला. आपल्याला ही रचना ओळखीची वाटते, कारण ती आपल्या ‘-दत्त’ आणि ‘-ज’ यांची सख्खी चुलत भावंडे आहेत. डायोडोरस या नावातील ‘डिओ’ आणि संस्कृतातील ‘दिव्’, तसेच ‘डोरॉन’ आणि आपला ‘दा’ धातू, यांचे मूळ एकच आहे. दुसरा प्रकार तद्धितासारखा आहे. अपोलोनिओस म्हणजे अपोलोचा, डिमेट्रिओस म्हणजे डिमीटरचा, डायोनिसिओस म्हणजे डायोनिससचा. शिवाचा तो शैव म्हणावा, तसे. ही तीन नावे साऱ्या ग्रीक जगात सर्वाधिक आढळणाऱ्या नावांपैकी आहेत.

हेराने दिलेला मुलगा चालतो, अपोलोचा माणूस चालतो, पण मुलाचे नाव थेट अपोलो ठेवत नाहीत. देव आणि माणूस यांच्यामध्ये एका प्रत्ययाची भिंत असते. डायोनिसस हा देव आणि डायोनिसिओस हा सिराक्यूझचा जुलमी सत्ताधीश, या दोहोंत एका अक्षराचा फरक आहे, पण हा फरक ग्रीक माणूस कधी विसरत नसे. आणखी एक गंमत म्हणजे प्रत्यय लावूनसुद्धा सगळे देव चालत नसत. पाताळाचा स्वामी हेडीस याच्यापासून कोणी मुलाचे नाव घडवत नसे, आणि युद्धदेव एरीस याच्यापासून घडवलेली नावेही तुलनेने थोडी आहेत.

ही भिंत पुढे ढासळली आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून नुसती देवनावे माणसांना सर्रास लागलेली दिसतात. तुमच्या यादीतील हर्मीस बरोबर त्या काळातला आहे. माझ्या मते ही भिंत आधी दोन टोकांना पडली: तळाशी गुलामांकडे आणि शिखरावर राजांकडे. मधला सामान्य नागरिक प्रत्ययाला बराच काळ धरून राहिला.

गुलामांचे आधी सांगतो. गुलामाचे नाव त्याचे आईबाप ठेवत नसत, मालक ठेवत असे. रोमन विद्वान वॅरो याने लॅटिन भाषेवरील आपल्या ग्रंथात एक उदाहरण दिले आहे. तिघांनी एफेसस येथे एकेक गुलाम विकत घेतला. एकाने विकणाऱ्या आर्टेमिडोरसवरून त्याला आर्टेमास म्हटले, दुसऱ्याने आयोनिया या प्रांतावरून आयन म्हटले आणि तिसऱ्याने गावावरून एफेसियस. नाव ठेवण्याची ही तऱ्हा पाहिली की मालकाने कौतुकाने किंवा चेष्टेने एखाद्या पोराला हर्मीस किंवा ईरॉस म्हणावे यात नवल उरत नाही. रोम शहरातील लेखांत सापडणाऱ्या ग्रीक नावांत हर्मीस अगदी अग्रभागी आहे, आणि त्यातले बहुसंख्य गुलाम किंवा गुलामगिरीतून सुटलेले लोक आहेत. मार्शल या कवीने हर्मीस नावाच्या ग्लॅडिएटरवर १५ ओळींची एक कविता केली असून तिची प्रत्येक ओळ ‘हर्मीस’ या शब्दानेच सुरू होते. शेवटच्या ओळीत तो म्हणतो की हा एकटाच सर्वकाही आहे आणि तिप्पट एकमेव आहे. देवाच्या स्तोत्राचा थाट आखाड्यातल्या माणसाला दिला आहे, आणि नाव तेच असल्यामुळे तो विनोद फुकटात साधला आहे.

तिरकस

शिखरावरच्या टोकाबद्दल मी भर घालतो. अलेक्झांडरला बार्सिनीपासून झालेल्या मुलाचे नाव सरळ हेराक्लीस होते. मॅसिडोनियाचे राजघराणे स्वतःला हेराक्लीसचे वंशज म्हणवत असे, त्यामुळे हे नाव ठेवणे म्हणजे दावा ठोकणे होते. नावाने त्याचे काही भले केले नाही, कारण ख्रिस्तपूर्व ३०९मध्ये कॅसँडरच्या सांगण्यावरून पॉलिपेर्कॉनने त्याला मारून टाकले. क्लिओपात्रा आणि मार्क अँटनी यांना ख्रिस्तपूर्व ४०मध्ये झालेल्या जुळ्यांना अलेक्झांडर हेलिओस आणि क्लिओपात्रा सेलीनी म्हणजे सूर्य आणि चंद्र अशी नावे होती. क्लिओपात्राचा बाप बारावा टॉलेमी स्वतःला ‘नवा डायोनिसस’ म्हणवून घेत असे.

राजे नसताना राजेपणाचा आव आणणारेही होते. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातला सिराक्यूझचा वैद्य मेनेक्रटीस अपस्मार बरा करत असे आणि त्यावरून स्वतःला झ्यूस म्हणवत असे. बऱ्या झालेल्या रोग्यांना तो देवांचे पोशाख घालून मागे फिरवी, त्यात एक हेराक्लीस असे आणि एक हर्मीस. त्याने मॅसिडोनियाच्या फिलिपला ‘मेनेक्रटीस झ्यूसकडून’ असे पत्र लिहिले, तेव्हा फिलिपने उत्तरात नेहमीच्या अभिवादनाऐवजी ‘मेनेक्रटीस, प्रकृती ठीक होवो’ असे लिहिले. हेच उत्तर ग्रीक चरित्रकार प्लुटार्क स्पार्टाचा राजा अजेसिलॉस याच्या नावावर सांगतो, त्यामुळे बोलणारा नक्की कोण हा वाद राहू द्या. पुढे फिलिपने त्याला मेजवानीला बोलावले, इतरांना जेवण वाढले आणि या झ्यूसपुढे नुसता धूप जाळला. उपाशीपोटी देवपण किती वेळ टिकणार? तो रागावून उठून गेला.

पोथीवाचक

शिलालेखवेडा यांचा मुद्दा मान्य आहे, पण भिंत दोन टोकांनाच पडली ही मांडणी मला जरा जास्त सुबक वाटते. रोमन काळात आशिया मायनरमध्ये आणि इजिप्तमध्ये गुलाम नसलेल्या सामान्य कुटुंबांतही आर्टेमिस नावाच्या बायका आणि हर्मीस नावाचे पुरुष आढळतात. इजिप्तमध्ये तर होरस हे नुसते देवनाव माणसांना देण्याची स्थानिक रीत मुळातच जुनी होती, आणि ग्रीक भाषेतील पपायरसांवर होरोस नावाचे शेतकरी व कारकून ठिकठिकाणी भेटतात. ज्या प्रदेशात शेजारी असे करत होते तेथे ग्रीकांचा संकोच अधिक लवकर सैल झाला असणे शक्य आहे. म्हणून तळ आणि शिखर यांच्या जोडीला शेजार हेही एक कारण धरावे.

‘देव की माणूस’ हे ओळखण्याबद्दल सांजवारा यांनी विचारले आहे. प्राचीन ग्रीक आणि लॅटिन लिखाणात मोठी आणि छोटी लिपी असा आजच्यासारखा भेद नव्हता, म्हणून विशेषनाम कोणते हेसुद्धा अक्षरावरून कळत नाही. त्या बाबतीत देवनागरी वाचणारा त्या काळच्या वाचकाच्या जवळ आहे, कारण ‘लक्ष्मी घरात आली’ हे वाक्य आपणही संदर्भावरूनच लावतो. शिलालेखात विभक्ती मोठी मदत करते. अर्पणलेखात देवाचे नाव चतुर्थीत असते आणि अर्पण करणाऱ्याचे प्रथमेत, त्यामुळे ‘हर्मीसने हर्मीसला’ असा लेख असला तरी गोंधळ होत नाही. माणसाच्या नावापुढे बापाचे, मालकाचे किंवा गावाचे नाव असते, देवाच्या नावापुढे त्याचे विशेषण किंवा स्थान असते. थडगे असेल तर प्रश्नच मिटतो.

ग्रंथांत मात्र काम अवघड होते, आणि कधीकधी लेखकाला तो गोंधळ हवाही असतो. प्लुटार्क सांगतो की अलेक्झांड्रिया पडताना अँटनीने आपल्या ईरॉस नावाच्या विश्वासू गुलामाला आपणास ठार करण्यास सांगितले, पण त्या गुलामाने तलवार उपसून स्वतःलाच मारले आणि तो धन्याच्या पायाशी पडला. ईरॉस म्हणजे प्रेम, आणि प्रेमाचा देवही. अँटनीच्या आयुष्याचा सारा विचका प्रेमापायी झाला असे ज्या चरित्रात सांगितले आहे, तेथे त्याच्या शेवटच्या सेवकाचे हे नाव वाचताना ग्रीक वाचक थबकला नसेल असे मला वाटत नाही. नाव मात्र बनावट मानण्याचे कारण नाही, कारण ईरॉस हे गुलामांचे अगदी रोजचे नाव होते.

तसाच दुसरा नमुना नीरोच्या काळातला. नीरो ग्रीसच्या दौऱ्यावर असताना त्याने रोमचा कारभार हेलिअस नावाच्या मुक्त गुलामाच्या हाती सोपवला. त्या वेळी साम्राज्य एकाच वेळी नीरो आणि हेलिअस या दोन सम्राटांचे गुलाम होते, आणि त्यांतला अधिक वाईट कोण हे मला सांगता येत नाही, असे इतिहासकार कॅसिअस डिओ लिहितो. हेलिअस म्हणजे सूर्य. ज्या नीरोला स्वतःची तुलना सूर्यदेवाशी झालेली आवडत असे, त्याच्या गादीवर प्रत्यक्षात ‘सूर्य’ नावाचा त्याचा नोकर बसला होता.

ओसरी

मला एक वेगळी शंका आहे. रोमन लेखक सिसेरोच्या देवांविषयीच्या ग्रंथात तीन ज्यूपिटर (रोमनांचा झ्यूस), पाच मर्क्युरी (त्यांचा हर्मीस), पाच मिनर्वा, चार अपोलो आणि सहा हर्क्युलीस (म्हणजे हेराक्लीस) मोजले आहेत असे वाचले होते. त्यातला पाचवा हर्क्युलीस भारतातला असून त्याला बेलस म्हणतात, असेही त्यात आहे. म्हणजे रोमन लोक एका नावाचे अनेक देव मानत होते, असे समजावे का? तसे असेल तर देव आणि माणूस यांचे नाव एक असणे ही फारच छोटी गोष्ट झाली.

शिलालेखवेडा

ओसरी, ती यादी खरी आहे, पण ती कोणाच्या तोंडी आहे हे पाहणे आवश्यक आहे. तो ग्रंथ संवादरूप आहे आणि तिसऱ्या भागात ही यादी कोट्टा वाचतो. कोट्टा हा धर्माधिकारी असला तरी वादात संशयवाद्यांची बाजू मांडतो. स्टोइक पंडितांनी देवांच्या कथांना तत्त्वज्ञानाचा मुलामा दिला होता, आणि त्यांची फजिती करण्यासाठी तो ही मोजदाद करतो: तुम्ही म्हणता तो ज्यूपिटर नक्की कोणता? क्रीट बेटावर ज्याची कबर दाखवतात तो का? म्हणून ही यादी रोमन भाविकांची श्रद्धा नव्हे. देवळात जाणारा माणूस ‘मर्क्युरी क्रमांक चार’ अशी हाक मारत नव्हता. पण यादी कोट्टाने मनाने रचली असेही नाही, त्याच्या आधी अभ्यासकांनी निरनिराळ्या गावांच्या परस्परविरोधी कथा जुळवण्यासाठी एका नावाच्या अनेक व्यक्ती कल्पिल्या होत्या आणि कोट्टाने त्याचीच टोपी उडवली.

हीच युक्ती त्याच्याही ४०० वर्षे आधी हेरोडोटसने प्रामाणिकपणे वापरली आहे, आणि तो भाग मला फार आवडतो. इजिप्तमध्ये हेराक्लीस हा अतिप्राचीन देव आहे असे त्याला सांगण्यात आले. ग्रीकांचा हेराक्लीस तर अल्कमीनीचा मुलगा, काही शतकांपूर्वीचा. मग हा पठ्ठ्या खात्री करण्यासाठी समुद्रमार्गे टायर शहरी गेला आणि तेथील पुजाऱ्यांना देऊळ किती जुने आहे असे विचारले. त्यांनी २,३०० वर्षे सांगितली. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला की हेराक्लीस दोन आहेत, आणि जे ग्रीक दोन वेगळी देवळे ठेवून एकात अमर देव म्हणून यज्ञ करतात व दुसऱ्यात वीर म्हणून तर्पण करतात, त्यांचेच वागणे सर्वांत बरोबर आहे. टायरचा देव वास्तविक मेलकार्ट होता. परक्या देवाला स्वतःच्या देवाचे नाव द्यायचे आणि मग दोन्ही जुळत नाहीत म्हणून देवच दोन मानायचे, असा हा प्रकार आहे.

पोथीवाचक

त्याला जोडून एक निरीक्षण लिहितो. ग्रीक आणि रोमन कथांत माणूस देव होतो तेव्हा पुष्कळदा त्याचे नाव बदलते. समुद्रात उडी घेणारी ईनो देवी झाल्यावर ल्युकोथिया होते आणि तिचा मुलगा मेलिकर्टीस पॅलीमॉन होतो. डायोनिससची आई सेमिली ऑलिंपसवर गेल्यावर थायोनी होते. रोम्युलस नाहीसा झाल्यावर क्विरिनस म्हणून पूजला जातो. तुम्ही म्हणता ती भिंत कथांतही उभी आहे, ओलांडायची तर जुने नाव अलीकडेच ठेवून जावे लागते. हेराक्लीस आणि अस्क्लेपिओस हे नाव न बदलता पलीकडे गेले, आणि नेमका हेराक्लीसच हेरोडोटसला दोन वाटला, हे मला योगायोगाचे वाटत नाही.

जाता जाता, पॅलीमॉन हे नाव पुढे परत खाली आले. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममध्ये रेमिअस पॅलीमॉन नावाचा नामवंत व्याकरणकार होता आणि तो जन्माने गुलाम होता. म्हणजे शिलालेखवेडा यांच्या तळाच्या टोकाला हा आणखी एक पुरावा, माझी हरकत असली तरी.

नाशिककर

चर्चा वाचताना राहवले नाही म्हणून लिहितो. पांडवलेण्यांतील १७ क्रमांकाच्या लेण्यात एक लेख आहे. दान देणारा सांगतो की तो धर्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त, उत्तरेकडचा, दत्तामित्रीचा राहणारा यवन (त्या काळच्या भाषेत ग्रीक) आहे. दानात त्याचा मुलगा धर्मरक्षितही सहभागी आहे. लेणे बौद्ध, दाता यवन आणि नाव इंद्र व अग्नी या दोन वैदिक देवांनी दिलेला! शिलालेखवेडा यांनी सांगितलेल्या ‘-दत्त’ आणि ‘-डोरस’ यांच्या नात्यामुळे मला वाटू लागले आहे की अशा घराण्याला इंद्राग्निदत्त हे नाव परके वाटलेच नसेल, कारण साचा तोच होता आणि फक्त देव बदलले होते.

दत्तामित्री म्हणजे बॅक्ट्रियाचा राजा डिमेट्रिअस याच्या नावाचे डिमेट्रिअस नगर, असे अनेक अभ्यासक मानतात. ते खरे असेल तर डिमीटर देवीचे नाव राजाला, राजाचे नगराला आणि नगराचे नाशिकच्या खडकावर, असा प्रवास झाला. मी लहानपणापासून तेथे सहलीला जात आलो, पण या ओळीखाली कधी थांबलो नव्हतो.

शिलालेखवेडा

नाशिककर, अप्रतिम. याचा जोडीदार विदिशाजवळ बेसनगरला उभा आहे. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या शेवटी तक्षशिलेहून राजा अँटिआल्किडस याचा दूत म्हणून आलेल्या ग्रीकाने वासुदेवाचा गरुडध्वज उभारला आणि त्यावर ब्राह्मी लिपीत आपले नाव कोरवले: हेलिओदोर, दियाचा पुत्र, भागवत. हेलिओडोरस म्हणजे सूर्याने दिलेला. बापाचे नाव डिऑन, त्यात झ्यूस आहे. वासुदेवाचा भक्त झाल्यावरही त्याने ना स्वतःचे नाव बदलले ना बापाचे.

सांजवारा

सर्वांचे मनापासून आभार. माझ्या मूळ प्रश्नाचा धागा अजून थोडा लोंबतो आहे. ख्रिस्ती मंडळींना अशा नावांचे वावडे वाटले ते कधी? पौलाच्या यादीत तर हर्मीस सुखाने बसला आहे.

पोथीवाचक

पहिली काही शतके वावडे जवळजवळ नव्हते. तिसऱ्या शतकातील अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसिअस याने बायबलमधील ‘प्रकटीकरण’ या पुस्तकाचा लेखक योहान हा प्रेषित योहान नसून दुसराच कोणी योहान असावा असा युक्तिवाद केला होता. एका नावाची अनेक माणसे असतात, भाविक लोक आपल्या मुलांची नावे पेत्र आणि पौल ठेवतात, आणि एफेससला दोन कबरी असून दोन्ही योहानाच्या म्हणून दाखवतात, असे त्याने लिहिले. नामसाधर्म्यावर इतके नेमके लिहिणाऱ्या बिशपचे स्वतःचे नाव मद्याच्या देवावरून आले होते, आणि त्याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. डायोनिसिअस नावाचा एक पोपसुद्धा त्याच शतकात होऊन गेला.

अडचण आली ती इसवी सन ५३३मध्ये, आणि तीही नेमकी प्रत्यय नसलेल्या नावाची. त्या वर्षी पोप म्हणून निवडून आलेल्या धर्मगुरूचे नाव मर्क्युरिअस होते, म्हणजे रोमनांचा हर्मीसच. त्या नावाने पोपच्या आसनावर बसणे बरे दिसेना, म्हणून त्याने दुसरा जॉन हे नाव घेतले. पोपने नाव बदलल्याचे हे पहिले उदाहरण मानले जाते.

त्याच्या १० वर्षे आधी मरण पावलेल्या पोपचे नाव मात्र हॉर्मिस्डस होते. हे इराणी नाव असून अहुर मझ्द या देवावरून आलेले आहे, आणि ते कोणालाही खटकले नाही, बहुधा रोममध्ये त्या देवाला ओळखणारे कोणी नव्हते म्हणून. हॉर्मिस्डस पोप असतानाच मर्क्युरिअस हा रोममधील सेंट क्लेमेंट चर्चमध्ये धर्मगुरू होता आणि त्याने तेथे एक वेदी अर्पण केली. तिच्यावरचा लॅटिन लेख आजही त्या चर्चमध्ये आहे: पोप हॉर्मिस्डस यांच्या काळात धर्मगुरू मर्क्युरिअस सहकाऱ्यांसह, हे देवा, ही वेदी तुला अर्पण करतो. एका वाक्यात इराणचा देव, रोमचा देव आणि ज्याला अर्पण केले तो तिसराच, आणि विभक्तीमुळे त्यात कोठेही घोटाळा होत नाही.

सांजवारा

आणि हर्मीसच्या ओळीतला हर्मास?

शिलालेखवेडा

ते वॅरोच्या आर्टेमाससारखेच लाडके लघुरूप आहे. हर्मोडोरस किंवा हर्मोजेनीस अशा एखाद्या लांब नावाची शेपटी छाटून ‘-आस’ लावले की हर्मास तयार होतो. पौलाच्या त्या एका ओळीत जुनी रीत आणि नवी रीत एकाच बाकावर बसल्या आहेत, फक्त मधे पत्रोबास नावाचा एक माणूस आहे.